विनामूल्य व्याख्यानाचा खर्च: सांस्कृतिक केंद्रांचे अर्थशास्त्र

नवी दिल्लीत लोदी उद्यानाला लागून उभ्या असलेल्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे उद्घाटन २२ जानेवारी १९६२ रोजी तत्कालीन उपराष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. जपानचे तत्कालीन युवराज अकिहितो यांनी ३० नोव्हेंबर १९६० रोजी त्याची कोनशिला बसविली होती. वास्तुरचना जोसेफ ॲलन स्टाइन यांची होती, तर संस्थेचे संस्थापक-अध्यक्ष होते चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० ते १९५६ या काळातील केंद्रीय अर्थमंत्री आणि त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, अशी त्यांची कारकीर्द विद्यार्थ्यांना परिचित आहे. या केंद्रात सायंकाळी कधी व्याख्यान, कधी चर्चासत्र, कधी चित्रप्रदर्शन, तर कधी गायन वा नृत्याचा कार्यक्रम असतो आणि त्यांपैकी बहुतेक कार्यक्रमांना सर्वसामान्य नागरिकास तिकिटाविना प्रवेश मिळतो.

स्पर्धा परीक्षेचा उमेदवार ही माहिती 'कला व संस्कृती' या सदरात टिपून पुढे जातो. वस्तुतः तिच्यात सार्वजनिक वित्तव्यवस्थेतील एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. श्रोत्याने काहीच दिले नाही, तर सभागृहाचे भाडे, वीज, वक्त्याचा प्रवास आणि कलाकाराचे मानधन कोण देतो? आणि जो देतो, तो त्याच्या मोबदल्यात काय मिळवितो? देशातील निरनिराळ्या सांस्कृतिक केंद्रांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे शोधली असून, कोणते उत्तर निवडले यावर त्या केंद्राचे स्वातंत्र्य आणि त्याचा आवाका, या दोन्ही गोष्टी ठरल्या आहेत.

किंमत शून्य, खर्च मात्र नव्हे

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अडीचशे आसनांच्या सभागृहात एक व्याख्यान योजले असून त्याचा एकूण खर्च ५०,००० रुपये आहे. श्रोते ८० आले. दर श्रोत्यामागे सरासरी खर्च ६२५ रुपये पडला. परंतु एक्याऐंशीवा श्रोता आत आला, तर खर्चात किती वाढ होईल? काहीच नाही. म्हणजेच सीमांत खर्च शून्य आहे. कार्यक्षमतेच्या निकषानुसार किंमत सीमांत खर्चाइतकी असावी. त्यामुळे आसने भरेपर्यंत योग्य किंमत शून्यच ठरते. आता व्यवस्थापकाने सरासरी खर्च वसूल करण्यासाठी ६२५ रुपयांचे तिकीट लावले आणि केवळ २० श्रोते आले असे समजा. सरासरी खर्च २,५०० रुपयांवर जातो आणि २३० आसने रिकामी राहतात. तोटा भरून निघत नाहीच, शिवाय ज्यांना ऐकावयाचे होते तेही वंचित राहतात.

येथे एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. व्याख्यान ही शुद्ध सार्वजनिक वस्तू नाही. दीपगृहाचा प्रकाश कोणाही जहाजाला नाकारता येत नाही. सभागृहाचे दार मात्र बंद करता येते. आसने भरेपर्यंत एकाच्या उपभोगाने दुसऱ्याचा उपभोग घटत नाही, पण वगळणे शक्य असते. अशा वस्तूंना जेम्स ब्युकॅनन यांनी १९६५ मधील आपल्या प्रसिद्ध लेखात 'क्लब वस्तू' म्हणून सिद्धांतबद्ध केले. रिचर्ड मसग्रेव्ह यांची 'गुणवस्तू' ही संकल्पना याहून वेगळी आहे. व्यक्ती आपल्या इच्छेने जितका उपभोग घेईल त्याहून अधिक उपभोग समाजाला इष्ट वाटतो, अशी ती वस्तू असते. शालेय शिक्षण हे तिचे नेहमीचे उदाहरण. शास्त्रीय गायनाची किंवा पुरातत्त्वावरील व्याख्यानाची गोडी ऐकल्याशिवाय लागत नाही आणि गोडी लागेपर्यंत कोणी पैसे मोजत नाही, या कारणाने सांस्कृतिक कार्यक्रमांची गणना गुणवस्तूंत केली जाते. उत्तरपत्रिकेत या दोन संकल्पनांची सरमिसळ वारंवार होते, ती टाळावी.

वर्गणीदारांच्या पैशावर सार्वजनिक सेवा

इंडिया इंटरनॅशनल सेंटर ही नोंदणीकृत संस्था आहे, शासकीय विभाग नव्हे. सदस्यांचे प्रवेशशुल्क व वार्षिक वर्गणी, अतिथिगृहातील खोल्या, भोजनगृह आणि सभागृहांचे भाडे ही तिच्या उत्पन्नाची साधने होत. सदस्याला वर्गणीच्या मोबदल्यात ग्रंथालय, भोजनगृह व निवासाची सोय मिळते. ही झाली क्लब वस्तू. त्या उत्पन्नातून कार्यक्रमांचा खर्च चालतो आणि त्यांचा लाभ सदस्य नसलेल्यांनाही होतो. यालाच परस्पर-अनुदान म्हणतात. रेल्वेत मालवाहतुकीच्या उत्पन्नातून प्रवासी भाड्यातील तूट भरून निघते, त्याच जातीची ही रचना आहे. १९९३ मध्ये खुले झालेले जवळचेच इंडिया हॅबिटॅट सेंटर, ज्याची वास्तूही स्टाइन यांचीच, याच मार्गाने पण वेगळ्या आधारावर उभे आहे. तेथे संस्थांची कार्यालये आणि परिषदांची सभागृहे हा आर्थिक पाया आहे.

या रचनेचा मोठा लाभ म्हणजे स्वायत्तता. दरवर्षी अनुदानासाठी मंत्रालयाकडे जावे लागत नसल्याने वक्ता कोण असावा व विषय कोणता असावा याचा निर्णय संस्थेतच होतो. चलनविषयक धोरणाची स्वायत्तता जवळून पाहिलेल्या अर्थतज्ज्ञाच्या अध्यक्षतेखाली अशी संस्था आकाराला आली, हे लक्षणीय आहे.

तथापि 'शासनाचे अनुदान नाही' हे विधान अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने जसेच्या तसे स्वीकारू नये. इमारतीच्या उभारणीस रॉकफेलर प्रतिष्ठानाचे साह्य लाभले होते आणि जमीन केंद्र शासनाकडून मिळाली. राजधानीच्या मध्यभागी असलेल्या या जमिनीचा पर्यायी उपयोग केला असता, तर तिच्यापासून जे उत्पन्न मिळाले असते, ते समाजाने सोडून दिले आहे. हा संधिखर्च अर्थसंकल्पाच्या कोणत्याही शीर्षाखाली दिसत नाही, परंतु तो खरा आहे. मोठ्या शहरांतील कितीतरी संस्थांना, जिमखान्यांना व क्लबांनाही, अशाच सवलतीने भूखंड मिळालेले आहेत. त्यांतील काहींनी कुंपणाबाहेरच्या नागरिकाला काहीही परत दिलेले नाही. या कसोटीवर पाहिले असता, सायंकाळच्या व्याख्यानाला दार उघडे ठेवणे हे सदस्यांचे औदार्य ठरत नाही. सार्वजनिक जमिनीवरील तो समाजाचा परतावा ठरतो. भूखंड देतानाच असा परतावा करारात लिहून घेतला जावा, ही अपेक्षा मुळीच अवास्तव नाही.

मर्यादाही स्पष्ट आहे. कार्यक्रम विनामूल्य असला तरी श्रोत्याचा वेळ व प्रवासखर्च विनामूल्य नसतो. सायंकाळी संपणाऱ्या कार्यक्रमाहून शहराच्या कडेच्या वसाहतीत परतणाऱ्या विद्यार्थिनीला, शेवटची बस आणि रस्त्यावरील सुरक्षितता यांचा हिशेब करावा लागतो. व्याख्यानाची भाषा बहुधा इंग्रजी असते, ही आणखी एक न दिसणारी प्रवेश-फी होय. सदस्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या केंद्राची अभिरुची सदस्यांच्या अभिरुचीभोवती फिरणार, हेही स्वाभाविक आहे. २०२० च्या महासाथीत अनेक संस्थांनी व्याख्याने इंटरनेटवरून प्रसारित करण्यास आरंभ केला. त्यामुळे आसनसंख्येची मर्यादा आणि प्रवासखर्च हे दोन्ही अडथळे दूर झाले. भाषेचा मात्र झाला नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला या संदर्भात पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचे स्मरण होईल. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने ती १८७५ मध्ये सुरू झाली. तिला वास्तू नव्हती की अतिथिगृह नव्हते. होती ती भाषा श्रोत्यांची. भारतीय अर्थशास्त्राचा पाया घालणाऱ्या रानडे यांना व्याख्यानाचे सामाजिक मूल्य प्रथम जाणवावे, यात योगायोगाचा भाग अल्पच असावा.

भोपाळ: प्रदर्शनातून निर्माण झालेली बाजारपेठ

राज्य शासनाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या केंद्राचे ठळक उदाहरण म्हणजे भोपाळचे भारत भवन. मोठ्या तलावाच्या काठावर चार्ल्स कोरिया यांनी उतारात बसविलेली ही वास्तू १३ फेब्रुवारी १९८२ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते खुली झाली. 'रूपंकर' हे कलासंग्रहालय, 'रंगमंडल' ही नाट्यशाखा, 'वागर्थ' हे काव्यकेंद्र आणि 'अनहद' हे संगीतकेंद्र, असे तिचे विभाग करण्यात आले. रूपंकरची धुरा चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्याकडे, तर रंगमंडलची ब. व. कारंत यांच्याकडे होती.

स्वामीनाथन यांनी तरुण कलावंतांची पथके मध्य प्रदेशातील गावोगावी पाठविली. पाटणगढ या गावी, जे आज दिंडोरी जिल्ह्यात मोडते, त्यांना जनगढ सिंह श्याम हा परधान गोंड तरुण भिंतीवर चित्रे काढताना आढळला. त्याला भोपाळला आणण्यात आले. कागद, कॅनव्हास आणि रंग त्याच्या हाती आले व त्याची चित्रे नागर चित्रकारांच्या चित्रांशेजारी मांडली गेली. १९८९ मध्ये पॅरिस येथील 'मॅजिशियन्स द ला तेर' या गाजलेल्या प्रदर्शनात त्याच्या चित्रांचा समावेश झाला. २००१ मध्ये जपानमध्ये त्याचा मृत्यू झाला, तोपर्यंत त्याच्या नात्यातील व गावातील अनेकजण भोपाळला येऊन चित्रकार झाले होते. त्यांपैकी भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये आणि दुर्गाबाई व्याम यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

या घटनेचा आर्थिक अन्वयार्थ पाहण्यासारखा आहे. परधान हे परंपरेने गोंड यजमानांच्या वंशकथा 'बाना' या वाद्यावर गाणारे. यजमानाकडून मिळणारे धान्य, वस्त्र वा जनावर हे त्यांचे उत्पन्न. यजमानांची स्थिती खालावली तशी ही आश्रयव्यवस्था विरली आणि परधानांच्या वाट्याला मजुरी आली. भारत भवनने त्यांना अनुदान दिले नाही. त्यांच्या कौशल्याला ग्राहक मिळवून दिला. प्रदर्शनाने येथे माहितीची उणीव भरून काढली, कारण खरेदीदाराला कलेचे अस्तित्व ठाऊक नव्हते आणि कलावंताला खरेदीदाराचे. एका केंद्राच्या खर्चातून संपूर्ण समूहाच्या उपजीविकेचे साधन निर्माण झाले, आणि हा लाभ केंद्राच्या तिकीटविक्रीच्या हिशेबात कोठेही येत नाही. बाह्यलाभाचे याहून बोलके उदाहरण पाठ्यपुस्तकातही विरळा. गायक-कथेकरी समूह चित्रकार झाला, तेव्हा गायनाचे काय झाले, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतोच. बाजारपेठ ज्या कलेला मिळते ती वाढते; शेजारची कला तशीच मागे राहते.

शासकीय पैशाची दुसरी बाजूही भोपाळमध्येच दिसली. १९९० नंतर राज्यातील सत्ताबदलांबरोबर केंद्राच्या व्यवस्थापनावरून वाद झाले आणि रंगमंडलची कायमस्वरूपी नाटकमंडळी पुढे टिकली नाही. इमारत उभी राहते, संग्रह राहतो. पगारावर असलेली नटमंडळी एकदा पांगली की पुन्हा जमविणे कठीण असते.

क्षेत्रीय केंद्रे आणि व्याजावरचा संसार

राजधान्यांच्या पलीकडे पोहोचण्याच्या उद्देशाने केंद्र शासनाने १९८५-८६ च्या सुमारास सात क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रे स्थापन केली. पतियाळा, उदयपूर, तंजावर, कोलकाता, अलाहाबाद (आताचे प्रयागराज), नागपूर आणि दिमापूर ही त्यांची मुख्यालये. ज्या राज्यात मुख्यालय असेल त्या राज्याचे राज्यपाल अध्यक्ष असतात. एक राज्य एकाहून अधिक क्षेत्रांचे सदस्य असू शकते. महाराष्ट्र उदयपूरच्या पश्चिम क्षेत्र केंद्राचाही सदस्य आहे आणि नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र केंद्राचाही. सांस्कृतिक सीमा राजकीय सीमांशी जुळत नाहीत, याची ही प्रशासकीय कबुलीच म्हणावी लागेल. बहुपर्यायी प्रश्नांत ही मुख्यालये नेहमी विचारली जातात, आणि दक्षिण क्षेत्राचे मुख्यालय चेन्नई समजण्याची चूकही नेहमीच होते.

या केंद्रांसाठी केंद्र व सदस्य राज्ये यांच्या अंशदानातून मूळ निधी उभारून त्याच्या व्याजावर कार्यक्रम करावेत, अशी योजना होती. मूळ निधीमुळे वार्षिक मंजुरीची टांगती तलवार दूर होते, हे खरे. परंतु निधी रुपयांत स्थिर राहतो आणि भाववाढ त्याचे वास्तव मूल्य घटविते. १९८० च्या दशकातील व्याजदर आणि नंतरच्या काळातील घसरलेले दर यांची तुलना केली, तर अशा संस्थांना पुन्हा योजनानिहाय अनुदानांकडे का वळावे लागते, हे उमगते. लोककलावंतांच्या पथकाला रेल्वेभाडे, मुक्काम आणि मानधन द्यावयाचे असते. त्यांपैकी पहिल्या दोन बाबी आयोजकाच्या हातात नसतात. मग काटकसर मानधनात होते.

कलाक्षेत्रातील खर्च सतत का वाढतो, याचे सैद्धांतिक स्पष्टीकरण विल्यम बाउमोल व विल्यम बोवेन यांनी १९६६ मधील प्रयोगक्षम कलांवरील आपल्या ग्रंथात दिले. कारखान्यात यंत्रसामग्रीमुळे दर कामगारामागे उत्पादन वाढते व त्याबरोबर वेतन वाढते. विलंबित ख्याल मात्र निम्म्या वेळात गाऊन उत्पादकता दुप्पट करता येत नाही. गायक, तबलजी, हार्मोनियमवादक आणि तानपुऱ्यावर बसणारे शिष्य पूर्वी जितके लागत तितकेच आजही लागतात. तरीही कलावंताने हा व्यवसाय सोडू नये असे वाटत असेल, तर त्याचे मानधन अन्य व्यवसायांतील उत्पन्नाबरोबर वाढले पाहिजे. उत्पादकता स्थिर आणि वेतन वाढते, म्हणून प्रति प्रयोग खर्च चढाच राहतो. यास 'बाउमोलचा खर्चविकार' म्हणतात. त्याचा अर्थ व्यवस्थापन ढिसाळ आहे असा होत नाही. ढिसाळ व्यवस्थापनाची सबब म्हणून त्याचा उपयोग होतो, हा भाग निराळा.

राज्यघटना, कर आणि अर्थसंकल्प

सातव्या अनुसूचीनुसार हा विषय प्राधान्याने राज्यांचा आहे. राज्यसूचीतील नोंद १२ राज्यांची ग्रंथालये, संग्रहालये व तत्सम संस्थांविषयी, तर नोंद ३३ नाट्यगृहे, नाट्यप्रयोग व करमणूक यांविषयी आहे. संघसूचीतील नोंद ६२ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालय, इंडियन म्युझियम, व्हिक्टोरिया मेमोरियल आणि संसदेने कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या घोषित केलेल्या तत्सम संस्था येतात. राज्यसूचीचीही नोंद ६२ करमणूक करासंबंधी आहे. क्रमांकाच्या या साम्याने घोटाळा होऊ नये. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने या नोंदीचा संकोच होऊन करमणूक कराचा अधिकार पंचायती, नगरपालिका व प्रादेशिक किंवा जिल्हा परिषदा आकारतील तेवढ्यापुरताच उरला आणि उर्वरित भाग वस्तू व सेवा करात विलीन झाला. नाटक, नृत्य व संगीताच्या प्रयोगांना १ जुलै २०१७ पासून प्रति व्यक्ती २५० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर करमाफी होती. २५ जानेवारी २०१८ पासून ती मर्यादा ५०० रुपये करण्यात आली. केंद्राच्या क्षेत्राबाहेरील विषयावरही 'कोणत्याही सार्वजनिक प्रयोजनासाठी' अनुदान देण्याची मुभा अनुच्छेद २८२ देतो.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पीय अंदाजात सांस्कृतिक मंत्रालयासाठी सुमारे ३,३६१ कोटी रुपयांची तरतूद होती. सुमारे ५०.६५ लाख कोटींच्या एकूण खर्चात हे प्रमाण शंभर रुपयांमागे सात पैशांहून कमी भरते, आणि त्यातील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक रक्कम एकट्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची आहे. अकादमी, संग्रहालये, ग्रंथालये आणि क्षेत्रीय केंद्रे यांना उरलेल्या रकमेत भागवावे लागते. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत कला व संस्कृतीचे जतन हे कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या कामांत समाविष्ट असल्याने खाजगी निधीची वाट मोकळी आहे. मात्र ज्या शहरात कंपनीचे मुख्यालय असते तेथेच बहुधा तिचा दानधर्मही फिरतो.

चौथा पुरवठादार क्वचितच विचारात घेतला जातो, तो म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्था. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये महानगरपालिकेनेच उभारले. मालकी नागरिकांची, अंतर चालत जाण्याजोगे आणि भाषा प्रेक्षकांची, अशी ही रचना अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी आहे. या सभागृहांची मागणी शनिवार-रविवारच्या सायंकाळी एकवटते. सोमवार ते गुरुवारच्या दुपारी सीमांत खर्च दिवाबत्ती व सफाईपुरताच उरतो. वीजमंडळे ज्याप्रमाणे कमी मागणीच्या वेळेचा दर कमी ठेवतात, त्याप्रमाणे या रिकाम्या वेळा शाळा-महाविद्यालयांच्या व्याख्यानांना नाममात्र भाड्याने देता येतील. त्यासाठी नवी इमारत लागत नाही; पालिकेच्या दरपत्रकात एक ओळ वाढवावी लागते.